एकोणीस कोरे रकाने

बेलीफ मामांच्या निवृत्तीची तारीख आमच्या कोर्टात सगळ्यांना पाठ होती, एकतीस मे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून लिहिली होती, त्यातले ते एक. आणि नियम असा की, महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मामा म्हणायचे, "मास्तरानं दोन तारीख टाकली असती तर म्हयनाभर नोकरी वाढली असती. पण त्याला घरी जायची घाई."

मी आस्थापना टेबलावर होते. रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं, सगळं माझ्या ताब्यात. हिरव्या कपाटाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, दुसरी साहेबांकडे, म्हणजे आमच्या न्यायाधीशांकडे. कोणाचीही निवृत्ती असली की सहा महिने आधी पेन्शनचा प्रस्ताव हातात घ्यायचा, ही माझी पद्धत. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी वहीत लिहिलं, "मामा, सेवापुस्तक, पहिल्या पानापासून."

या वहीवरून ऑफिसात माझी चेष्टा चालायची. नोकरीला लागल्यापासून दर दिवसाची कामं मी वहीत लिहिते आणि झालेल्या कामावर रेघ मारते. आमचे नाझर, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, नवीन माणसाला माझी ओळख करून देताना सांगायचे, "ताईंनी श्वास घ्यायचं पण वहीत लिहून ठेवलंय. विसरायला नको म्हणून."

मामांची चेष्टा वेगळी होती. समन्स बजावून बजावून त्यांना सवयच लागली होती, काहीही कोणाच्या हातात दिलं की सही घ्यायची. एकदा माझा घरी विसरलेला डबा त्यांनी आणून दिला, तेव्हासुद्धा चिठोरा पुढे केला. "डबा मिळाला म्हणून लिहा. पोळी कमी निघाली तर माझं नाव नको."

तर सोमवारी मी सेवापुस्तक काढलं. दर वर्षाच्या शेवटी त्यात कार्यालयप्रमुखाचा दाखला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा पडताळली म्हणून. मी एकेक दाखला बोट ठेवून वाचत गेले. तेवीस वर्षं सरळ गेली. मग दुष्काळाच्या वर्षाचं पान आलं. तिथे दाखला मार्चच्या मध्यावर थांबत होता आणि पुढचा एप्रिलमध्ये सुरू होत होता. मधले एकोणीस दिवस कुठेच नव्हते. मी त्या वर्षाचा हजेरीपट काढला. मामांच्या नावापुढे एकोणीस रकाने कोरे. सही नाही, रजेची खूण नाही, दौऱ्याची नाही. रजेच्या फाइलमध्ये आदेशही नाही.

नियम मला वाचून पाहावा लागला नाही. मंजूर रजेशिवाय गैरहजर राहिलं की सेवेत खंड पडतो, आणि खंडाच्या आधीची सेवा पेन्शनला धरत नाहीत. तेवीस वर्षं पुसली जातात. त्यानंतरची उरतात आठ. पेन्शनला किमान दहा लागतात. मी हे कागदावर मांडलं, मग कागद फाडला, मग पुन्हा मांडला. उत्तर तेच आलं. एकतीस मेला मामा घरी जातील आणि त्यांना पेन्शन मिळणार नाही.

खरी भीती अजून पुढे होती, कारण त्या एकोणीस दिवसांत मामा कुठे होते हे मला माहीत होतं. त्यांचा अर्ज मीच घेतला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर चहासुद्धा न ठेवता मी पत्र्याची पेटी उघडली. सगळ्या जुन्या वह्या वर्षावार बांधून तिच्यात ठेवल्या होत्या. ती वही सापडली, ते पानही सापडलं. "बेलीफ मामा, रजा अर्ज, साहेबांकडे." त्यावर माझी सरळ, ठाम रेघ.

ती रेघ बघितली आणि तो दिवस आठवला. माजलगावच्या धरणाचा तळ लोक बघायला जात होते, असं ते वर्ष. कोर्टात पक्षकार येत नव्हते. मामा समन्स घेऊन जायचे आणि "घराला कुलूप, उसाच्या फडावर गेल्याचे शेजारी सांगतात" असा शेरा मारून परत आणायचे. त्यांच्या गावाजवळ दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. छावणीचा नियम कडक. मालकानं जनावरांपाशी राहायचं, सकाळ-संध्याकाळ मोजणीला हजर असायचं, नाहीतर जनावराचं नाव कमी. मामांच्या दोन म्हशी आणि एक गाय तिथे होती. धाकटा भाऊ सांभाळत होता. तो चाऱ्याच्या ट्रकवरून पडला, पाय मोडला. मामांनी दुपारी येऊन अर्ज दिला. मी म्हटलं, "तुम्ही निघा, मी साहेबांची सही घेते."

अर्ज मी साहेबांच्या सहीच्या पॅडमध्ये ठेवला आणि वहीतल्या ओळीवर रेघ मारली. त्याच दिवशी साहेबांच्या बदलीचा आदेश आला. निरोप समारंभ, हार, फोटो, कार्यभाराच्या याद्या. नवीन साहेब यायला तीन आठवडे लागले. पॅड कुठे गेलं, अर्ज कुठे गेला, मी कधी विचारलंच नाही. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं, कारण कागद माझ्या टेबलावरून हलला होता. इतकी वर्षं मी काम झाल्यावर रेघ मारतच नव्हते. काम पुढे ढकललं की मारत होते.

दुसऱ्या दिवशी नाझरांना सांगितलं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. त्यांनी दार लोटलं आणि सेवापुस्तकाचं ते पान उजेडाकडे धरलं.

"दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ मोकळी आहे ताई."

"मग?"

"मग काय. एकोणीस दिवस अर्जित रजा मंजूर, एवढंच बसवायचं. तेव्हाचे साहेब आता नोकरीत नाहीत. सहीचं बघू."

"आणि पडताळणीत सापडलं तर?"

"सापडायला कोणी शोधलं पाहिजे. मामांचं भलं होतंय, तुमचं भलं होतंय. कोणाचं नुकसान सांगा."

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. पुढचे चार दिवस मी ते सेवापुस्तक रोज बाहेर काढत होते आणि रोज आत ठेवत होते. ती मोकळी ओळ मला डोळे मिटले तरी दिसायची. कपाटाला कुलूप लावून फाटकापर्यंत गेले की परत येऊन कुलूप ओढून बघायचे. माझी स्वतःची नोकरी एकवीस वर्षांची, मुलगी बीडला क्लासला, घरात पगार एकच. चौकशी लागली तर काय काय थांबेल, याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होत होती. ती मी वहीत लिहिली नाही.

या चार दिवसांत मामा रोज टेबलापाशी यायचे.

"मॅडम, माझं पुस्तक कुठवर आलं? शेवटाला राजाराणीचं लगीन होतंय का न्हाई?"

"वाचतेय मामा."

"लई सावकाश वाचता तुमी. मामी म्हणती, गुडघ्याचं आपरेशन पेन्शन चालू झाल्यावरच करू. तवर ती बसून जिना चढती." मग जरा वाकून, "तोंड कावून उतरलंय? बरं न्हाई का?"

"ॲसिडिटी."

"वहीत लिहून टाका, जाईल."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं. मी काळ्या शाईचं पेन उघडलं, पान उघडलं, बोट त्या ओळीवर ठेवलं. अक्षर कसं काढायचं हेसुद्धा ठरलं होतं, आठ वर्षांपूर्वी मी "र" जरा वेगळा काढायचे. बाहेर व्हरांड्यात मामांच्या वहाणांचा आवाज आला, आणि मी पेन बंद केलं. तत्त्व वगैरे मला आठवलं नव्हतं. दोन्हीकडे भीतीच होती, त्यातली खोटं लिहिण्याची थोडी जड निघाली, एवढंच.

रविवारी मी चकलांब्याची एसटी धरली. मामांचं गाव त्याच रस्त्यावर, दोन फाटे अलीकडे. घर विहाराच्या मागे. मामा अंगणात बाजेची सुंभं ओढून बांधत होते, मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून मामा उठले.

"मॅडम? समन्स घेऊन आल्या का काय?"

मी हसले नाही. मामी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. रकाने, खंड, तेवीस आणि आठ, वही, रेघ. सांगताना मी त्यांच्या हातातल्या सुंभाकडे बघत होते. ते ओढायचे थांबले होते.

"पण मी अर्ज दिलता की," ते म्हणाले.

"दिला होता. माझ्याकडून गेला."

"म्हंजी पेन्शन..."

"अर्ज दिल्याचा पुरावा नसेल तर नाही मिळणार."

त्यांनी सुंभाचं टोक बाजेला गुंडाळलं. मग म्हणाले, "छावणीत रोज दोन टायमाला हजेरी व्हायची. म्हशीची, गाईची. एक दिवस चुकली न्हाई. जनावरांची लागली आन माझी राहिली."

मामी चहा घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून म्हणाल्या, "काय म्हणतेत बाई?"

"काय न्हाई. चहात साखर कमी हाय म्हणतेत."

"अजून पिल्या पण न्हाईत त्या."

"बघूनच कळतं त्यांना. आस्थापनेच्या हायत."

मामी साखर आणायला पुन्हा आत गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पाऊल. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मामा मात्र उठून घरात गेले आणि खताच्या पोत्याची शिवलेली एक पिशवी घेऊन आले. आत कागदांचे गठ्ठे, प्रत्येकाला कोर्टातली लाल फीत. एकेक गठ्ठा ते गुडघ्यावर ठेवून चाळत होते. मला कशाची आशा करावी तेच कळत नव्हतं.

"हे बघा," ते म्हणाले.

रजेच्या अर्जाची दुसरी प्रत होती. त्यांनी ती उलटी केली. मागे त्यांच्या वळणदार अक्षरात बेलिफाचा अहवाल होता, समन्सच्या मागे लिहितात तसाच. आज रोजी दुपारी कोर्टाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर लिपिक बाईंना समक्ष गाठून सदर अर्ज दिला, वाचून घेतला, सही केली. खाली माझी सही, तारीख, वेळ. त्याखाली दोन पंच, टपरीवाला आणि शेजारच्या गॅरेजचे चाचा. चाचांची सही उर्दूत.

तेव्हा लख्ख आठवलं. आम्ही सगळे हसत होतो. चाचा म्हणाले होते, बाईंवर दावा लागला वाटतं. मी कपात बिस्किट बुडवता बुडवता सही केली होती. कागदावर एका कोपऱ्यात चहाचा डागही होता.

"सही तुमचीच ना?" मामांनी विचारलं. "न्हाई म्हणत असाल तर पंच बोलवावे लागतील."

"माझीच आहे."

मी हात पुढे केला, पण त्यांनी कागद सोडला नाही.

"हे लावलं की तुमाला धक्का लागंल."

"लागेल."

"किती?"

"माहीत नाही मामा. वेतनवाढ थांबेल किंवा चौकशी लागेल. लई घाबरलेय मी." त्यांची बोली माझ्या तोंडात कशी आली कोण जाणे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी बी घाबरलोय," म्हणाले. मग एका कोऱ्या कागदावर लिहायला लागले, अर्जाची प्रत अस्सल, मागील अहवालासह, आज रोजी राहत्या घरी लिपिक बाईंना दिली. तो कागद माझ्यापुढे ठेवला. "करा सही."

"मामा, मी स्वतः घेऊन..."

"तसं न्हाई. तसं एकदा देऊन बघितलं."

मी सही केली. त्यांच्या तोंडून मला कठोर शब्द ऐकावा लागला तो एवढाच, आणि त्यानं मला बरं वाटलं. मामींना पंच म्हणून अंगठा द्यावा लागला. कशाचा, ते त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत ती प्रत मी पिशवीत ठेवली नाही, हातातच धरली. स्टँडजवळ चार झेरॉक्स काढल्या. सोमवारी साहेबांपुढे उभी राहिले. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी अर्ज वाचला, उलटवला, मागचं वाचताना त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, मग पुन्हा सरळ झाला.

"तुमच्या हातून कागद गहाळ झाला हे तुम्ही स्वतः लिहून देताय. कळतंय ना?"

"हो साहेब."

"मग स्वच्छ अक्षरात लिहा. बीडला जिल्हा न्यायालयात जाईल ते."

प्रस्तावाला जोडायचे कागद मी एकेक गोळा केले. दूध संस्थेच्या सचिवांनी माळ्यावरून छावणीचं रजिस्टर काढून दिलं. त्या एकोणीस दिवसांत दोन म्हशी, एक गाय, आणि प्रत्येक मोजणीपुढे मामांची सही. चाचांनी गॅरेजमध्ये हात पुसत सही ओळखली. "माझीच हाय बाई. पण साक्षीला नेऊ नका, गिऱ्हाईक सोडून यायला जमत न्हाई. आन तुमी त्या दिवशी माझं बिस्किट खाल्लं होतं, ते बी लिहा."

नियमात एक वाट होती. बिनमंजुरीची गैरहजेरी नेमणूक करणारे अधिकारी मागाहून रजा म्हणून धरू शकतात. "धरू शकतात," असं लिहिलं होतं. "धरतील," असं नव्हतं. तो शब्द मी इतक्या वेळा वाचला की पुस्तकाचं ते पान आपोआप उघडायला लागलं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बीडहून एक शंका आली, तिचं उत्तर गेलं. रोज अकराच्या सुमाराला टपाल यायचं, तेवढा अर्धा तास मी लिहायचं काम ठेवत नसे, अक्षर हलायचं. नाझर माझ्याशी जपून बोलायला लागले होते. एकदा म्हणाले, "ती एक ओळ होती ताई," आणि निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्या ओळीची आठवण मलाही येत होती.

एप्रिलमध्ये मामांनी विचारणंच बंद केलं. टेबलाजवळून जाताना नुसती मान हलवायचे. ते जास्त भयंकर होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बीडचं टपाल आणायची पाळी मामांची होती. दुपारी ते घामानं भिजून आले आणि बंद लखोटा नाझरांच्या टेबलावर ठेवला. नाझरांनी फोडला, दोन कागद निघाले. एक वाचून त्यांनी मामांच्या हातात दिला. दुसरा वाचला आणि तोही मामांच्याच हातात दिला. दोघं हळू आवाजात काही बोलले. मी जागेवर बसून कपाटाच्या किल्लीचे दात मोजत होते.

मामा माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मॅडम, आधी तुमचं घ्या."

"तुमचं काय झालं ते सांगा."

"नाझर म्हणतेत, झालं. एकोणीस दिवस रजा धरली. नोकरी अखंड." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "आता हे घ्या."

मी मामांचा आदेश मागून घेतला आणि दोनदा वाचला. "सेवा अखंड धरण्यात यावी." मग माझा कागद वाचला. कार्यालयीन कागद गहाळ करून कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. खाली शिक्का.

मामांनी माझ्या कागदाला जोडलेली दुसरी प्रत टेबलावर उलटी ठेवली आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. आज रोजी कार्यालयात समक्ष गाठून. वाचून घेतला. पंच म्हणून नाझर. दुसरा पंच कोण, म्हणून त्यांनी खिडकीतून टपरीवाल्याला हाक मारली. मी सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मामांनी शाईवर फुंकर मारली.

"आता मारा रेघ वहीत. माझं काम झालं."

"आज नाही मामा. नागपूरच्या महालेखापालांकडून पेन्शनचा आदेश तुमच्या हातात पडला की मारीन."

त्यांनी मान हलवली. मी वही उघडली, "मामा, पेन्शन" ही ओळ तशीच मोकळी ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं, "माझा खुलासा, सात दिवस." अक्षर वाकडं आलं. मामा ते उलट्या बाजूनं वाचत होते.

"वेळेत द्या," ते म्हणाले. "सात दिवस झाले की स्मरणपत्र येतं. ते बजावायला मी नसंन."